गावाला विचारून निघा : भद्रावती ते वैरागड, तीन दिवसांची भटकंती

सह्याद्रीत किल्ला लांबूनच ओळखू येतो. बुरूज आभाळावर उमटलेला असतो, त्यामुळे पायवाट चुकली तरी दिशा चुकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत तसे नाही. इथले किल्ले सपाटीवर आहेत, नाहीतर सागवानाने झाकलेल्या टेकड्यांवर. देवळे नदीच्या वळणावर उभी आहेत आणि लेणी गावाला टेकलेल्या पहाडीत कोरलेली आहेत. श्रावणात पन्नास पावलांवरचा बुरूजही झाडोऱ्यात दडून जातो.

अशा मुलखात नकाशापेक्षा माणूस उपयोगी पडतो. रोज सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपानाला किंवा गुरांमागे जंगलात जाणाऱ्या माणसाला चार गोष्टी नेमक्या ठाऊक असतात. वाट कुठून आहे, पाणी कुठे टिकले आहे, काल वाघाचे पगमार्क कोणत्या नाल्यात उमटले आणि पुढच्या जंगलात शिरायला कोणाला विचारावे लागते. या लेखातला बाकी सगळा तपशील विसरलात तरी चालेल, गावात थांबून विचारल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय मात्र सोबत ठेवा. पुढचा तीन दिवसांचा बेत त्या सवयीवरच आखला आहे.

केव्हा आणि कसे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. धान कापून झालेले असते, बांधांवरून चालता येते, नद्यांचे पाणी उतरलेले असते. मार्चनंतर ऊन चढू लागते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उघड्यावर चालण्याचा विचारही करू नये. पावसाळ्यात हा भाग डोळे निववतो, पण वैनगंगा आणि तिच्या उपनद्या फुगल्या की पूल पाण्याखाली जातात आणि गावे तुटतात. दक्षिणेला भामरागडजवळ पर्लकोटा नदीवर हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जायचेच असेल तर चंद्रपूर शहर आणि भद्रावती एवढ्यावर समाधान मानावे.

नागपूरहून चंद्रपूर साधारण दीडशे किलोमीटर. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर भांदक म्हणजे भद्रावती, चंद्रपूर आणि बल्लारपूर ही स्थानके लागतात. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागाला वडसा म्हणजे देसाईगंज हे गोंदिया-बल्लारपूर मार्गावरचे स्थानक सोयीचे पडते. एसटी तालुक्याच्या गावापर्यंत पोचवते, त्यापुढे काळी-पिवळी किंवा ऑटो. तीन दिवसांत सगळे बघायचे असेल तर चारचाकी ठरवून घ्यावी. चालक स्थानिक असेल तर अर्धे काम झाले.

हाताशी अर्धा दिवस जास्त असेल तर सुरुवात नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयापासून करा. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात आणि ते सोमवारी बंद असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या देवटेक गावी सापडलेली एक शिळा अभ्यासक वा. वि. मिराशींच्या काळात या संग्रहालयात आणली गेली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोकाच्या काळातला मानला जातो आणि त्यात प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई केलेली आहे. त्यानंतर काही शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने त्याच शिळेवर आपल्या धर्मस्थानाची नोंद कोरवली. ज्या जंगलात आपण निघालो आहोत तिथले प्राणी राखण्याचा हुकूम दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगडावर लिहिला गेला होता, हे मनात धरून निघालेला माणूस पुढे वेगळ्या नजरेने चालतो.

पहिला दिवस : भद्रावती आणि चंद्रपूर

सकाळी भद्रावती. चंद्रपूरच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवरचे हे गाव फार जुने आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ म्हणजे इसवी सन ७७२चा ताम्रपट इथे सापडला. गावालगतच्या विजासन टेकडीतली बौद्ध लेणी आधी बघा. मधला बोळ डोंगरात सरळ आत जातो, जवळजवळ सत्तर फूट, आणि शेवटच्या दालनात बुद्धमूर्ती आहे. बाजूंनाही असेच बोळ कोरलेले आहेत. आत अंधार असतो, म्हणून विजेरी हवीच. वटवाघळे असतील तर प्रकाश छताकडे मारू नका आणि आवाज करू नका. हे पूजेचे ठिकाण आहे, बुद्धवंदनेला लोक येतात, तेव्हा पादत्राणे बाहेर ठेवा.

लेण्यांनंतर भद्रनागाचे देऊळ, गवराळ्याच्या टेकाडावरचा गणपती आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर. बौद्ध, शैव, नागपूजक आणि जैन अशा चार परंपरा या एका गावात पायी फिरून बघता येतात. त्यासाठी तीन तास पुरतात.

दुपारनंतर चंद्रपूर. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने हे शहर वसवल्याची परंपरा आहे. नदीच्या पाण्याने त्याचा त्वचारोग बरा झाला आणि शिकारीत सशाने उलटून कुत्र्याचा पाठलाग केला, ती जागा राणीने नगरासाठी निवडली, अशी कथा इथे कोणीही सांगेल. शहराभोवतीचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. या तटावर झुडपे माजली होती, बुरूज कचऱ्यात बुडाले होते. २०१७मध्ये चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडे हातात घेऊन तो मोकळा करायला सुरुवात केली आणि महिनोन्‌महिने श्रमदान केले. आज तटाच्या काही भागावरून चालता येते ते त्यांच्या कष्टामुळे. उन्हे कलल्यावर एका दरवाजापासून पुढच्या दरवाजापर्यंत चाला. फांजीवर म्हणजे तटावरच्या वाटेवर कठडा नसलेल्या जागा आहेत, मुलांचा हात सोडू नका.

अंचलेश्वर देवळाशेजारी राजा बिरशाहची समाधी आहे. ती राणी हिराईने बांधवली. पतीच्या मागे तिने राज्य सांभाळले, महाकाली आणि अंचलेश्वर या देवळांचे काम केले. भिवापूर भागात उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्ती बघायला विसरू नका. रायप्पा नावाच्या धनिक व्यापाऱ्याने मोठ्या देवळासाठी त्या घडवल्या, देऊळ मात्र उभे राहिले नाही. त्यातली दशमुखी दुर्गा पंचवीस फुटांच्या आसपास आहे. एकेका अखंड दगडात केवढे धाडस होते, ते तिथे उभे राहिल्यावरच कळते.

तुरुंगाच्या आवारातला पिंपळ बाहेरूनच बघावा लागतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांना चंद्रपुरात याच पिंपळाला फाशी दिली. आदिवासी तरुणांची फौज उभारून लढलेल्या या वीराला चंद्रपूर-गडचिरोलीतली घरे आजही मानतात. पुढच्या दोन दिवसांत गावोगावी त्यांची तसबीर दिसेल, तेव्हा ती कोणाची हे माहीत असायला हवे.

दुसरा दिवस : मार्कंडा

चंद्रपूरहून मूल, तिथून हरणघाटच्या पुलाने वैनगंगा ओलांडून चामोर्शी. रस्ता बराचसा जंगलातून जातो. पहाटे आणि संध्याकाळी वाहनाचा वेग कमी ठेवा, भोंगा वाजवू नका आणि जनावर आडवे आले तर गाडीतून उतरू नका.

चामोर्शीजवळच्या मार्कंडा गावी वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानतात आणि म्हणूनच इथे देवळांचा समूह उभा राहिला. शैली साधारण दहाव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यानची. १८७३-७४च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आले आणि त्यांना या शिल्पांत खजुराहोशी नाते दिसले. वीज पडून मुख्य देवळाचे शिखर कोसळल्याचे सांगतात, पडझडीच्या खुणा आवारात आहेत. मुख्य देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतलेले आहे, तेव्हा उतरवून ठेवलेले, क्रमांक घातलेले दगड दिसले तर त्यांवर बसू नका, ते हलवूही नका. क्रमांकाचा एक दगड जागचा सरकला तर जोडणाऱ्याचे काम अडते.

मार्कंडा घाईने बघू नका. बहुतेक लोक दर्शन घेऊन तासाभरात परततात. तुम्ही एका देवळाची एकच भिंत निवडा आणि तळापासून वर वाचत जा. हत्तींची रांग, माणसांच्या लढाया, वाद्ये, देवांगना, दिक्पाल. मग उन्हाचा कोन बदलला की पुन्हा त्याच भिंतीपाशी या. सकाळी पूर्वेकडच्या आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या मूर्ती उठून दिसतात, छायाचित्रेही तेव्हाच चांगली येतात. मार्कंडेय, मृकंड ऋषी, यमधर्म अशी देवळे या आवारात आहेत. मृत्यूला अडवणाऱ्या मार्कंडेयाची कथा गावातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून ऐका. ती सांगताना तो आवारातली नेमकी जागा बोटाने दाखवतो.

हिवाळ्यात नदीचे पात्र उघडे पडते आणि काठाने चालता येते. इथे दोन गोष्टी पाळा. वाळूत मध्येच डोह असतात, म्हणून मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. काठावरच्या कलिंगड-काकडीच्या वाड्यांमधून चालू नका, ते कोणाचे तरी वर्षाचे पोट आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. गर्दीची आवड असेल तर तेव्हा या, शिल्पे बघायची असतील तर ते दिवस टाळा. मुक्कामाला गडचिरोली सोयीचे, चामोर्शीहून तीसेक किलोमीटर.

तिसरा दिवस : वैरागड

गडचिरोलीहून आरमोरी आणि तिथून आत सुमारे पंधरा किलोमीटरवर वैरागड. खोब्रागडी आणि सतनाला या नद्यांच्या संगमाजवळचे हे मोठे खेडे. गावाच्या नावाआधी इथली खाण प्रसिद्ध होती. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे आणि ती नुकतीच चांद्याच्या म्हणजे चंद्रपूरच्या गोंड राजाने, बाबाजीने, ताब्यात घेतल्याचे म्हटले आहे. त्याच नोंदीत त्याच्याकडे हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे आकडे आहेत. इथला भुईकोट त्या बाबाजी बल्लाळशाहाने बांधला असे मानतात.

त्याआधी काही शतके चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या लेखांत वैरागरम इथे हत्तींचे कळप पकडल्याचा उल्लेख येतो. ते ठिकाण म्हणजे हेच वैरागड, असे अनेक अभ्यासक मानतात. आज हा उल्लेख पुन्हा जिवंत झाला आहे. २०२१पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळप कोरची, कुरखेडा, आरमोरी या पट्ट्यात फिरतो. त्याने धानाची नासाडी केली आहे, माणसांचे जीवही गेले आहेत. म्हणून आरमोरीतच चौकशी करा की कळप सध्या कुठल्या बाजूला आहे. जवळपास असेल तर बेत बदला, त्यात कमीपणा नाही.

पायी फेरी अशी आखा. गावातून निघून खंदकाच्या कडेने किल्ल्याला बाहेरून वळसा घ्या, म्हणजे बुरूज आणि तटाची मांडणी समजते. मग दरवाजातून आत. आत झाडोरा आहे, विहिरींना कठडा नाही असे धरूनच चाला आणि गवतात काठी आपटत पाऊल टाका. घोणस आणि मण्यार या भागात आहेत. किल्ल्यानंतर भंडारेश्वराची टेकडी. छोटीशी चढण, वर जुने शिवालय, खाली नद्यांची वळणे आणि धानाच्या बांध्या. सगळ्या फेरीला अर्धा दिवस पुरतो. सोबत गावातला एखादा तरुण घ्या, त्याचे मानधन निघण्याआधी बोलून ठरवा आणि परतल्यावर हातात ठेवा.

चौथा दिवस हाती असेल तर

चढाईची हौस असलेल्यांनी चंद्रपूरहून गडचांदूर-जिवती रस्त्याने माणिकगड गाठावा. नागवंशी राजांचा हा डोंगरी किल्ला, दरवाजावर नागाचे शिल्प आहे. झाडी दाट असल्याने एकट्याने जाऊ नये. चिमूर तालुक्यातली हिरापूरची शिळास्मारके फार थोड्यांनी पाहिली आहेत. उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवून केलेली ही रचना महापाषाणयुगातल्या माणसांची आहे.

गडचिरोली-धानोरा रस्त्यावरचे मेंढा-लेखा हे गाव स्मारकांसाठी नाही, माणसांसाठी बघावे. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. जायचे असेल तर आधी निरोप पाठवा. अचानक धडकून गाव बघणे हे पाहुण्याचे लक्षण नाही.

जंगलाचे नियम

सह्याद्रीतल्या तीन सवयी घरी ठेवा : रात्रीची चाल, जंगलात तंबू आणि शेकोटी. ब्रह्मपुरी, सावली, मूल, आरमोरी, वडसा या पट्ट्यात वाघ अभयारण्याबाहेर, गावांच्या शिवारात वावरतात. दरवर्षी इथे माणसे मारली जातात, त्यात सरपण किंवा मोह वेचायला वाकलेले गावकरी अधिक असतात. सूर्य वर आल्याशिवाय जंगलवाटेला लागू नका आणि उन्हे कलण्याआधी गावात परत या. चार-पाच जण एकत्र, बोलत चाला, कानात गाणी नकोत. झुडपाआड एकट्याने बसू नका. ताजे पगमार्क किंवा अर्धवट खाल्लेले जनावर दिसले तर तिथूनच मागे फिरा.

राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. बीटच्या वनरक्षकाला भेटा, तो नसेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. ज्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क आहे तिथे ग्रामसभेला विचारा. ताडोबात पायी फिरायला मनाई आहे, तो बेत सफारीचा म्हणून वेगळा करा. मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र मिटते. गडचिरोलीच्या दक्षिण आणि पूर्व भागात जाताना पोलीस ठाण्यात नाव, गाडीचा क्रमांक आणि परतीची वेळ नोंदवा. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि हे आकडे कागदावर लिहा : पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, वनखाते १९२६. साप चावल्यास बांधाबांध, चिरा, मंत्र यांत वेळ घालवू नका. चावलेला अवयव हलू न देता थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. मलेरिया गडचिरोली जिल्ह्याचा जुना शत्रू आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारे मलम आणि मुक्कामाला मच्छरदाणी. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर गडचिरोलीला गेलो होतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.

पाठीवरच्या पिशवीत प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, विजेरी, मीठ-साखरेची पुडी, घोट्यापर्यंतचे बूट आणि एक मजबूत काठी. कपडे मातकट रंगाचे. सुटे पैसे जवळ ठेवा, आतल्या गावात एटीएम नाही.

जेवण, मुक्काम, नाटक

मुक्काम चंद्रपूर, गडचिरोली, आरमोरी अशा ठिकाणीच ठेवा. गावात जेवण सांगायचे असेल तर सकाळीच सांगा. माजी मालगुजारी तलावांतली मासळी, जवसाची चटणी, सांबारवडी आणि नव्या धानाचा भात मिळाला तर आणखी काही मागू नका. तलाव दिसतील तिथे थोडे थांबा. लोकांनी ‘मामा तलाव’ असे नाव दिलेली ही तळी धानशेती आणि मासेमारी या दोन्हींचा आधार आहेत.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे गावजत्रा भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा हे या रंगभूमीचे ठाणे. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. तिकीट काढून बघा, गाडी जवळ लावा आणि उजाडेपर्यंत मांडवातच बसा.

गावाचे देणे

गोंड, माडिया, परधान, ढिवर, कोहळी अशा अनेक समाजांची ही भूमी. घरांचे, बायामाणसांचे, पूजास्थानांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नका. गोटूल म्हणजे गावाचे सामुदायिक घर आणि गावदेवाचे ठाणे ही प्रेक्षणीय स्थळे नाहीत, तिथे बोलावले तरच जा. संरक्षित स्मारकांच्या दगडांवर नाव कोरणे १९५८च्या पुरातत्त्व कायद्याने गुन्हा आहे. शेंदूर किंवा तेल लागलेली मूर्ती दिसली तर ती घासून साफ करू नका, तिची पूजा चालू आहे. एखादे शिल्प उखडलेले, फुटलेले आढळले तर जागेसह छायाचित्र काढून पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला कळवा.

या दोन जिल्ह्यांत पहाऱ्याला पुरेशी माणसे नाहीत. वैरागडचा तट, मार्कंड्याचे शिल्प, हिरापूरची शिळा यांची रोजची राखण शेजारच्या गावाकडेच आहे. त्या राखणीतून गावाला काही मिळाले पाहिजे. म्हणून वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावात करा, मध, जवस, तांदूळ तिथूनच विकत घ्या आणि घासाघीस करू नका. पाहुणे येतात आणि त्यांच्यामुळे चार घरांत चार पैसे येतात, हे दिसले की बुरुजाचे दगड गोठ्याच्या भिंतीला जाणे थांबते. चंद्रपूरच्या परकोटाला शहरातल्या तरुणांनी वाचवले. वैरागडला वाचवायचे तर तिथले तरुण गावात टिकले पाहिजेत आणि त्यांना टिकवण्यात तुमच्या तीन दिवसांच्या भटकंतीचाही वाटा असू शकतो.